गोळ्यांचे चार वाटे

वरचा आकडा दोनशे, खालचा एकशेवीस. मी पट्टा सोडला, पुन्हा बांधला. पुन्हा तेच. वरचा म्हणजे हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा ते सैलावतं तेव्हाचा. असाच राहिला तर माणूस एखाद्या दिवशी अर्ध्या अंगानं लुळा पडतो. आणि होडीवाल्या हिराजी नाखव्याचा सलग चौथ्या महिन्यात असाच होता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नवी मुंबई तेव्हा नकाशावरच जास्त होती. खाडीकाठच्या सारसोळ्यात, कोळ्यांच्या गावात, आमच्या संस्थेचा दवाखाना होता. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. बाकी दिवस मी, बीपीचं मशीन आणि पत्रकांचे गठ्ठे. पत्रक मीच लिहिलं होतं. मीठ कमी, तंबाखू बंद, गोळी रोज. धक्क्यावर उभी राहून मोठ्यानं वाचलंही होतं.

नाखव्यानं तंबाखू सोडली होती, सुकी मासळीसुद्धा. दाब मात्र हलेना. डॉक्टरांनी दिवसाला एकाच्या दोन गोळ्या केल्या, मग तीन.

"गोळ्या घेता ना?"

"घेतो ना बाय. खोटं कशाला बोलू?"

माझा विश्वास बसला नाही. शहरासाठी शेतं गेली, खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, यावर मी रोज भांडत होते. आणि ज्याच्यासाठी भांडायचं तो फुकटची गोळी गिळत नाही? मी सगळ्यांसमोर त्याला झापलं. गोळ्यांचं पुडकं स्वतःकडे ठेवलं आणि सांगितलं, उद्यापासून माझ्या डोळ्यांसमोर घ्यायच्या. सकाळी दोन, संध्याकाळी एक. तो काही बोलला नाही. त्याची बायको वेणूबाय बोलायला आली, तिलाही मी गप्प केलं.

तिसऱ्या सकाळी जाळं उचलायला तो वाकला, सरळ झाला आणि धक्क्यावर कोसळला.

मी पोचले तेव्हा अंग गार, घामानं भिजलेलं. दाब मोजला. वरचा ऐंशी. खालचा ऐकूच येईना. डॉक्टरांचा वार नव्हता. नाखव्याच्या होडीवरचा एकजण सायकल दामटत शिरवण्याला गेला, तिथल्या एका कारखान्यात फोन होता. डॉक्टरांचा निरोप आला, आडवा ठेवा, पाय वर घ्या, गोळी बंद, टेम्पो करून वाशीला आणा. टेम्पो येईपर्यंत मी पट्टा बांधत राहिले. ऐंशी. पंच्याऐंशी. पुन्हा ऐंशी. माझ्याच हातानं दिलेल्या गोळ्या त्याच्या पोटात होत्या.

वेणूबाय त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "येवऱ्या गोल्या त्यानं कदी खाल्ल्याच नाय. चार वाटं व्हायचं."

होडीवर माणसं चार. मासळी आली की चार वाटे, तसेच गोळ्यांचे. बाकीच्या तिघांचीही डोकी दुखायची. म्हणजे तो रोज घेत होता, खरंच घेत होता, पण जेमतेम पाऊण गोळी. त्या पाऊण गोळीनं दाब उतरत नाही म्हणून आम्ही डोस वाढवत गेलो. आणि मी तो अख्खा त्याला पाजला.

"वाटायला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"तूच. कागद वाचलास तवा."

पत्रकाची शेवटची ओळ होती, 'फायदा एकट्यापुरता ठेवू नका, आपल्या माणसांनाही द्या.' मला म्हणायचं होतं, माहिती द्या.

नाखवा वाचला. तीन दिवसांनी वाशीहून घरी आला आणि दिवसाला एका गोळीवर त्याचा दाब महिन्याभरात खाली आला. बाकीच्या तिघांना मी तपासलं. दोघांना काही नव्हतं. तिसऱ्याचा, सायकल दामटणाऱ्याचा, दाब नाखव्यापेक्षा जास्त निघाला.

नाखव्याला मी विचारलं, झापत होते तेव्हा बोलला का नाहीत?

"तू बोलू देशील तर ना," तो म्हणाला.

उरलेल्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रकावरची शेवटची ओळ मी पेनानं खोडली. त्यानंतर कोणालाही 'गोळी घेता ना' असं विचारलं नाही. 'तुमच्या गोळ्या आणखी कोण घेतं' असं विचारते, आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवते.