खोचलेली वायर

धायरीच्या आमच्या घराच्या तळमजल्यावर सासूबाई टायपिंगचा क्लास चालवायच्या. निवृत्त मुख्याध्यापिका त्या. आयटीचं वारं आलं आणि टाइपरायटर मोडीत निघाले, नेमकी त्याच सुमारास मी सून म्हणून घरात आले. त्यामुळे टाइपरायटर माझ्यामुळेच गेले अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि ती थोडीफार खरीही होती. बुधवार पेठेतून मी हार्डडिस्क नसलेले जुने कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणले, कोपऱ्यात एक दणकट सर्व्हर ठेवला, त्यावर फुकट मिळणारं लिनक्स चढवलं आणि बाकीची खोकी वायरींनी त्याला जोडली. ती स्वतः काही करत नसत. बटण दाबलं की सर्व्हरकडे नेटवर्कवरचा आपला पत्ता मागायची, तो मिळाला की पडद्यावर सगळं तिकडूनच यायचं.

"म्हणजे एक कमावता आणि बाकीचे बसून खाणारे," सासूबाई म्हणाल्या. इतकं नेमकं वर्णन मला मॅन्युअलमध्येही सापडलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एका कंपनीचे साहेब आमच्याकडे डेटा एन्ट्रीच्या नोकरीसाठी परीक्षा घ्यायला येणार होते. खटपट माझीच. आमची एक विद्यार्थिनी वर्ध्याकडून लग्न होऊन आलेली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता, आणि ही नोकरी हुकली तर बिऱ्हाड आवरून गावी परतायचं त्यांनी ठरवलं होतं. ती सकाळीच येऊन बसली.

मी बटणं दाबली. एकाही पडद्यावर काही येईना, नुसते पत्ता शोधत असल्याचे ठिपके.

सर्व्हर तपासला, तो ठणठणीत. पत्ते वाटणारा प्रोग्रामही चालू. तरी बंद करून पुन्हा सुरू केला. ठिपके तसेच.

"विकत घेतलेलं असतं तर कोणाला तरी फोन करता आला असता," दारातून सासूबाई. "आता या फुकटवाल्यांना कुठे शोधायचं, ते सांग."

"ताई, होईन ना जी सुरू?" वर्ध्याच्या बाईने हळूच विचारलं.

"होईल," मी म्हणाले.

मग माझं लक्ष भिंतीवरच्या डबीकडे गेलं. सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो नेटवर्कचा स्विच. एरवी त्यावरचे दिवे आपापल्या लयीत लुकलुकायचे. आज सगळे एकदम वेड्यासारखे फडफडत होते. म्हणजे आत कोणीतरी अखंड बडबडत होतं आणि त्यात दुसऱ्या कोणाचं ऐकूच जात नव्हतं. मी एकेक वायर उपटायला घेतली. खालच्या कोपऱ्यातली उपटली आणि दिवे शांत झाले. तिचा माग काढत गेले, तर दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये. दुरुस्तीला गेलेल्या खोक्याची ही वायर, एरवी एका टोकाने लोंबत असायची. आता निघालेलं प्रत्येक बोलणं तिच्यातून गोल फिरून पुन्हा आत येत होतं.

खंडेनवमीला सासूबाईंनी खोली झाडूनपुसून यंत्रांची पूजा केली होती. सर्व्हरवर झेंडूची माळ अजून होती. लोंबणारी वायर त्यांच्या नजरेला खपणं शक्यच नव्हतं. रिकामं भोक दिसलं, दिली खोचून.

पडदे उजळले. वर्ध्याच्या बाईने पदर खोचला आणि बोटं मोडली. साहेब आले तेव्हा मी अजून घामाघूम होते. "काही अडचण होती का?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "होती. मी जास्तीची आवराआवर केली होती. मशिनं उत्तम आहेत. चहा घेणार आपण?" त्यांच्याबद्दल मला त्या क्षणी इतकं प्रेम दाटून आलं की मीच आत जाऊन चहा टाकला.

बाईला नोकरी लागली. बिऱ्हाड धायरीतच राहिलं. पुढच्या खंडेनवमीला ती मुद्दाम रजा काढून परडीभर झेंडू घेऊन आली. मी वर स्वयंपाकात होते. सासूबाईंनी जिन्याखालून हाक मारली.

"अगं, ये जरा खाली. कुठे हात लावायचा नाही ते सांग, मग आम्ही माळ घालतो."

लग्न होऊन आल्यापासून या घरात मला विचारून केलेली ती पहिली गोष्ट. कणकेचे हात तसेच घेऊन मी खाली धावले.