पल्लवीचं इंग्रजी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुमच्यापाशी बोलते — तुम्ही पल्लवीला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

पल्लवी माझ्या धाकट्या दिराची मुलगी. रावेरची, मराठी शाळेतली. दर उन्हाळ्यात जळगावला माझ्याकडे राहायला यायची आणि मी — हायस्कूलची इंग्रजीची बाई — तिच्याकडून धडे करून घ्यायची. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात. तो शेजारी मोबाइल बघत लोळायचा. आता धुळ्याला दुसऱ्यांदा तेच वर्ष करतोय. आणि पल्लवीला थेट इंग्लंडच्या विद्यापीठात प्रवेश! जाऊबाईंनी पेढ्यांबरोबर घरच्या केळीचा अख्खा घड पाठवला. एक केळं घशाखाली उतरेल तर शपथ. जळले मी — दुसरं काय म्हणू?

मग त्या विद्यापीठाचं पत्र आलं. परदेशी मुलांच्या फीतून होणाऱ्या कमाईवर तिथलं सरकार आता विद्यापीठांकडून कर घेणार, म्हणून पुढे येणाऱ्यांची फी वाढेल. पण प्रवेश मिळालेल्यांची शेवटपर्यंत आहे तीच राहील. पल्लवीने वडिलांना अगदी हेच सांगितलं होतं. पण कर म्हटल्यावर भाऊजी धास्तावले. पत्र घेऊन दोघं माझ्याकडे आले.

“वहिनी, तुम्हीच सांगा. मले काय समजते त्याच्यातलं?”

मी चष्मा लावला. दोनदा वाचलं — कशाला? पहिल्यांदाच तर कळलं होतं.

“तसं नाही लिहिलेलं, भाऊजी. हिचीही वाढणार. दर वर्षी.”

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता भांडेल. भांडावं, असंही वाटलं असेल का मला? पण तिने हळूच विचारलं, “मोठी आई, मी चुकीचं वाचलं का गं?”

“होतं असं,” मी म्हणाले.

भाऊजींनी प्रवेश सोडून दिला. त्या दिवशी मी पोटभर जेवले. हेही सांगायला हवं.

आता पल्लवी जळगावातच नोकरी करते. इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या असल्या तरी आधी मला दाखवते. स्वतःवर भरवसा नाही म्हणते. परवा एक अर्ज घेऊन आली. एकही चूक नव्हती.

मी लाल पेन घेतलं आणि एक बरोबर शब्द खोडला.

“बरं झालं तुला दाखवलं,” ती म्हणाली.