डब्यावरचा पैलवान
पाट ओलांडताना गुडघा दगा देतो, म्हणून मी चंदनसारच्या एका जिममधून पुरुषी ताकद वाढवणाऱ्या पावडरीचा डबा आणला. डब्यावर बिनमानेचा एक पैलवान होता. महिनाभर दुधातून घेतली. मान माझी शाबूत राहिली, पण भुईगावच्या वाडीत केळीला पाणी सोडताना सरळ पाटातच बसलो. बायकोने बखोटीला धरून उठवलं.

"बैलाला घातली असती पावडर, तर नांगर तरी ओढला असता," ती म्हणाली.

मग नसांचे डॉक्टर, रक्त, जनुकांची तपासणी. रिपोर्टच्या दिवशी बायकोने पिशवीतून डबा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हे आधी बंद," डॉक्टर म्हणाले. "इतरांच्या अंगात पुरुषी हार्मोन स्नायूंना वाढायचा निरोप देतं. ते जिथे किल्लीसारखं बसतं, ते कुलूपच तुमच्यात जन्मापासून बिघडलेलं आहे. त्यामुळे ते बसलं की निरोप नीट पोचत नाही, उलट स्नायू आणि नसा झिजतात."

दोष आईकडून आला होता. बायकांत हे हार्मोन कमी, म्हणून तिला कधी काही जाणवलं नाही.

"हार्मोन खाली आणणारं इंजेक्शन काही जणांना देतात," ते म्हणाले. "चाल थोडी जास्त टिकेल कदाचित. खात्री देत नाही."

"आणि त्याने...?" मी बायकोकडे न बघता विचारलं.

"इच्छा कमी होईल. अंगातून गरम वाफा येतील. विचार करून सांगा."

त्यानंतर मला एका जागी बसवेना. बसलो तर उठायला हात टेकावे लागत, तेही एक कारण. अर्नाळ्याला जाऊन वाळूत स्वतःचे ठसे बघत फिरलो. उजवं पाऊल फरफटलेलं दिसे. घरी येऊन आरशात मिशी तपासली. चालण्यासाठी पुरुषपण सोडायचं, की पुरुषपणासाठी चाकांची खुर्ची धरायची? जास्त लाज कशाची, तेच ठरेना.

एका दुपारी ओटीवर बायको टेबलफॅनसमोर बसली होती. पाळी जायला लागल्यापासून तिच्या अंगाची मधूनच भट्टी व्हायची, म्हणून पंखा कायम तिच्याकडे. मी त्यावरून पुष्कळ कुरकुर केलेली.

"इंजेक्शन घेतलं तर मी तुझ्यासारखा होईन," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"माझ्यासारखं व्हायला स्वयंपाक यावा लागतो, अहो. वाफांचं म्हणाल, तर मी सोसतेच आहे ना? चालते आहे ना? उद्या फोन करा डॉक्टरांना. आणि उठाल तेव्हा तो पंखा फिरता ठेवा, दोघांना लागेल असा."