धुण्यावरून फोन मोजणारे अंदाजराव

आपल्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्याला, जिन्याला लागून जे घर आहे ना, तिथले हे अंदाजराव. खरं नाव वेगळंच आहे, पण ते आता त्यांच्या बायकोलासुद्धा आठवावं लागतं. टेलिफोनच्या ऑफिसात कामाला. कोणी विचारलं, काय काम करता, तर म्हणायचे, "अंदाज करतो." बस, एवढंच. माणसं हसायची. अंदाज करायचा पगार मिळतो म्हणजे चैनच आहे की! बायका रोज मिठाचा अंदाज करतात, त्यांना कोण देतंय पगार?

पण काम तसं सोपं नव्हतं हां. फोनचं मशीन म्हणजे काही भाजी नाही, संपली की पिशवी उचलली आणि निघालं. ते आधी सांगायचं, मग ते कुठेतरी लांब तयार होणार, मग येणार, मग बसणार. तोवर इकडे पोरं मोठी होऊन कामाला लागलेली असायची. म्हणून आजच सांगून ठेवायला लागायचं, की पुढे कुठल्या वस्तीत किती जण फोनवर बोलणार, किती वायर लागेल, टॉवर किती, त्या टॉवरवर मशीनं किती. म्हणजे ज्याला अजून मिसरूडही फुटलेलं नाही, त्याच्यासाठी वस्तरा आणून ठेवायचा! कमी आणला तर लोकांच्या शिव्या, जास्त आणला तर साहेबाच्या.

ऑफिसातले बाकीचे लोक हे काम खुर्चीत बसून करायचे. मागच्या साली इतकं वाढलं, तर पुढच्या साली इतकं वाढणार, ओढली रेघ. अंदाजरावांचा रेघेवर भरवसा नव्हता. ते उठायचे आणि सरळ वस्तीत जायचे, आणि तेही धुणी वाळत पडलेली असायची तेव्हा. रस्त्यात उभं राहून मान वर करून दोऱ्या बघायचे. दोरीवर बाळाची झबली दिसली, की पुढेमागे तिथे एक फोन वाढणार. शाळेचे मोजे असले तर त्याच्या आधीच. एका मापाचे चार-पाच शर्ट म्हणजे नोकरीची पोरं भाड्याने राहतायत, तिथे आत्ताच पाहिजे. आणि नुसतेच धुऊन धुऊन मऊ पडलेले म्हाताऱ्यांचे कपडे असले, तर तिथे काही वाढायचं नाही, आहे त्यातूनच कमी होणार.

लोकांना काय ठाऊक हा सरकारी अभ्यास चाललाय! एका घरातल्या मुलीने तर ओल्या टॉवेलचं पाणी वरून डोक्यावर पिळलं. "काय हो, आमच्या दोरीवर काय शोधताय?" हे म्हणाले, "तुमच्या घरात पुढे किती फोन लागतील ते बघतोय." ती म्हणाली, "आधी आहे तो तर नीट चालू द्या!" पुढे त्याच मुलीशी लग्न झालं. म्हणजे अंदाज करून काही झालं नाही ते, आपोआपच झालं.

बाई मोठी बोलकी. गल्लीत सगळ्यांची वहिनी. हसली की कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला कळायचं. एकच लेक त्यांना. लेक शिकली, लग्न होऊन लांब गेली, अशी लांब की इकडे दिवे लागले की तिकडे उजाडायचं.

पुढे काय झालं, वहिनीला ऐकू कमी यायला लागलं. एकदम नाही, हळूहळू. पहिल्यांदा दारावरची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी गेली. डॉक्टरने कानात घालायचं यंत्र दिलं, तर म्हणाली, "कानात भुंगा शिरल्यासारखं वाटतं," आणि टाकलं खणात. आणि एक दिवस अंदाजरावांना म्हणाली, "अहो, तेवढ्या मिशा काढून टाका."

"का? इतकी वर्षं तुलाच आवडायच्या की!"

"अजून आवडतात. पण ओठ दिसत नाहीत."

गल्लीत सगळ्यांनी विचारलं, काय हो, मिशा कुठे गेल्या, पैजेत हरलात का? ते म्हणाले, "हो, बायकोशी हरलो." पण त्या दिवसापासून त्या घरात एक नवीनच रीत सुरू झाली. काही सांगायचं असलं की अंदाजराव पहिल्यांदा तिच्या समोर जाऊन उभे राहायचे, मग बोलायचे. इतकी वर्षं पेपराच्या आडून बोलणारा माणूस, आता समोर बसून बोलायला लागला. वहिनी म्हणायची, "कान गेले ते बरंच झालं बाई, नवरा तरी दिसायला लागला."

हसण्यावारी न्यायची सगळं. पण लेकीला सांगायचं नाही, अशी शप्पथ घातलेली. कारण लेकीला दिवस गेले होते, आणि डॉक्टरने तिला प्रवास करू नको म्हणून बजावलं होतं. "तिला कळलं तर जीवाला घोर लावून घेईल. नाहीतर येईल धावत पोट घेऊन," असं वहिनीचं म्हणणं.

मग लेकीचा फोन आला की वहिनी काय करायची? फोन कानाला लावायची आणि अधूनमधून म्हणायची, "हो, हो. छान, छान." लेक काय बोलली याचा पत्ता नाही. एकदा अंदाजराव शेजारीच बसले होते. फोनचा आवाज असा मोठा केलेला, की त्यांना सगळं ऐकू येत होतं. लेक म्हणत होती, "आई, मला फार भीती वाटते गं. रात्र रात्र झोप येत नाही."

आणि वहिनी म्हणाली, "छान, छान! असंच चालू दे."

तिकडून फोन बंद झाला. वहिनीने समाधानाने फोन खाली ठेवला आणि विचारलं, "काय म्हणत होती हो?" अंदाजराव तिच्या समोर जाऊन बसले, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "बरी आहे म्हणाली."

त्यानंतर लेकीचा घरी फोन येईना. आठवडा गेला, दुसरा गेला. एक दिवस ऑफिसात बापाला फोन आला. "बाबा, आई माझ्यावर रागावली आहे का? मी काहीही सांगितलं तरी तिला त्याचं काहीच नाही." आता काय सांगणार? वहिनीची शप्पथ आडवी. म्हणाले, "नाही गं बाळा, तसं काही नाही." पण बापाच्या 'तसं काही नाही'वर कुठल्या लेकीचं समाधान झालंय?

तेव्हा चेहरा दिसणारे फोन नुकतेच लोकांच्या हातात यायला लागले होते. अंदाजरावांच्या मनात आलं, माझे ओठ दिसले की हिला कळतं, तर लेकीचे दिसले की कळेलच की! शप्पथही मोडायला नको. लगेच तसला फोन घेऊन आले. लेकीला लावला. वहिनी ताठ बसली, पावडर लावून. लेकीचा चेहरा आला, हसली, "आ..." म्हणाली आणि तिथेच थिजली. तोंड उघडं ते उघडंच. वहिनी वाट बघत बसली. "अहो, ही जांभई देतेय का रडतेय?" मग चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले आणि गेला. परत लावला, परत तेच. गच्चीवर गेले, जिन्यात गेले, न्हाणीघराच्या खिडकीपाशी गेले. रेंजच पुरत नव्हती. आवाज ये-जा करण्याइतकीच होती, चेहऱ्याइतकी नव्हती.

अंदाजरावांना वाटलं, बाजारात चालतं, शाळेकडे चालतं, आपल्याच गल्लीला काय धाड भरली? आणि चप्पल काढता काढता ते मध्येच थांबले. एक पाय चपलेत, एक बाहेर. त्यांना आठवलं. या गल्लीचा अंदाज त्यांनीच केला होता! याच रस्त्यावर उभं राहून, दोऱ्या बघून. एक झबलं नव्हतं, मोजे नव्हते. सगळी पोरं नोकरीधंद्याला बाहेर, मागे आईबाप. त्यांनी सांगितलं होतं, इथे सगळी पिकली पानं आहेत, इथे छोटं मशीन पुष्कळ झालं.

जे घरात आहेत ते मोजले होते. जे घराबाहेर गेलेत ते मोजायचे राहिले. आणि ज्यांची पोरं लांब, त्यांच्याइतकं फोनला चिकटून दुसरं कोण बसतं?

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसच्या मोठ्या मॅडमपुढे जाऊन उभे राहिले. मॅडम वयाने लेकीएवढी, पण खुर्ची मोठी.

"मॅडम, आमच्या गल्लीचं मशीन मोठं करायला पाहिजे."

मॅडम हसली. "काका, स्वतःच्या गल्लीला? लोक म्हणतील, म्हाताऱ्याने रिटायर होता होता घरचं बघून घेतलं."

शेजारचा कारकून म्हणाला, "त्यांच्या स्वयंपाकघरातच टॉवर उभा करा. वर धुणंही वाळत घालता येईल."

सगळे खो खो हसले. अंदाजरावांचे कान लाल झाले. पण हलले नाहीत. म्हणाले, "गल्ली माझी आहे, आणि चूकही माझीच आहे. मी चुकलो, मॅडम."

मॅडमने हातातलं काम खाली ठेवलं. "काका, हा शब्द तुमच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला." मग म्हणाली, "पण तुमच्या शब्दावर मशीन नाही मागवता येणार. मला दाखवा."

आणि संध्याकाळी खरंच आली. आम्ही सगळ्यांनी बघितली तिला. अंदाजरावांनी तिला कोपऱ्यावर उभं केलं आणि म्हणाले, "आता फक्त बघा." तर काय दिसलं तिला? गल्लीतले मास्तर गॅलरीत स्टुलावर चढून फोन आभाळाकडे धरून उभे, खालून त्यांची बायको स्टूल धरून ओरडतेय, "दिसला का नातू?" "कान दिसतोय, फक्त कान!" समोरच्या जिन्यात तीन म्हाताऱ्या पायऱ्यांवर वर-खाली करतायत, जिला चेहरा मिळाला ती दुसरीला सरकू देत नाहीये. "ऊठ गं, तुझं झालं ना बोलून!" "थांब की, सून आत्ता कुठे हसली!" शिंप्याने तर खिडकीबाहेर निम्मं अंग काढलेलं.

मॅडम पहिल्यांदा हसली. मग तिचं हसू गेलं. ती म्हणाली, "काका, माझी आई पण असंच करत असेल हो." आणि तिथे उभ्याउभ्याच सांगून टाकलं, मोठं मशीन मागवा.

पण मघाशी म्हटलं ना, मशीन म्हणजे भाजी नाही. मागवलं तरी यायला महिने लागणार, आणि लेकीचे तर दिवस भरत आलेले. अंदाजराव मागणीचा कागद पाठवून घरी आले, पण जेवण गेलं नाही. आई आपल्यावर रागावली आहे असं मनात घेऊनच पोर बाळंतपणाला जाणार? मशीन येऊन मग काय उपयोग?

सकाळी वहिनीच्या समोर बसून म्हणाले, "चांगली साडी नेस. माझ्या ऑफिसला यायचंय." ऑफिसच्या आवारातच मोठा टॉवर. त्याच्या खाली चिक्कार रेंज. आवारात एक बाक होता, त्याच्यावर वहिनीला बसवलं आणि लेकीला फोन लावला.

लेकीचा चेहरा आला, आणि या वेळी हलत राहिला. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसल्या. मग लेक बोलायला लागली, वहिनी बरोबर उत्तरं देत होती. काय खातेस, पाय सुजलेत का. अंदाजराव मागे उभे. आणि मध्येच लेकीला भरून आलं. तिने रडता रडता तोंडावर हात धरला आणि काहीतरी म्हणाली.

वहिनी पुढे वाकली. "हात काढ गं तोंडावरचा! मला दिसत नाही तू काय बोलतेस ते."

लेक थांबली. हात हळूच खाली आला.

"दिसत नाही?" ती म्हणाली.

लेकीने डोळे पुसले, चेहरा जवळ आणला आणि एकेक शब्द ओठांनी मोठा करून म्हणाली, "आई, तुला ऐकू येत नाही?"

"येतं की," वहिनी म्हणाली. "भांडी पडली की येतं."

लेक हसायला लागली, आणि हसता हसता परत रडायला लागली, पण या वेळी तोंडावर हात नाही धरला. म्हणाली, "मला वाटलं, तुला माझं काही वाटतच नाही. मला भीती वाटते गं आई."

"वाटणारच. मला नव्हती वाटली? तू होतीस तेव्हा मी नर्सबाईचा हात असा धरला होता, की ती म्हणाली, बाई, मलाही मुलं आहेत, हात सोड! आता ऐक, मी काय सांगते ते..." आणि मग तिने मागे वळून अंदाजरावांना सांगितलं, "अहो, तुम्ही जा तिकडे. बायकांचं बोलणं आहे."

पण ऊन चढलं होतं, फोनवर पडत होतं, लेकीचे ओठ दिसेनात. म्हणून अंदाजरावांनी अंगातला कोट काढला, दोन्ही हातांनी वहिनीच्या डोक्यावर धरला आणि तोंड दुसरीकडे करून उभे राहिले. ऐकायचं नाही म्हणून. पण वहिनी पडली बहिरी, तिचा आवाज केवढा! कळा आल्या की काय करायचं, दूध येईना तर काय खायचं, सगळं आख्ख्या ऑफिसला ऐकू जात होतं. खिडक्याखिडक्यांतून माणसं उभी, तो कारकूनसुद्धा, कोणी हसेना. अंदाजराव त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, आत जा, आत जा. हात भरून आले, कोट हलायला लागला, पण त्यांनी तो खाली घेतला नाही. मायलेकींचं अजून चाललं होतं.