जेवून गेलेली गिऱ्हाइकं

बँकेने आमच्या फाटकावर जप्तीची नोटीस चिकटवली, त्या आठवड्यात बाबांनी घरात पहिल्यांदा सगळ्यांचं मत विचारलं. एरवी पंखा कोणत्या कंपनीचा घ्यायचा हेही तेच ठरवायचे. ज्या खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात ते कारकून होते, ते विद्यार्थी मिळेनात म्हणून बंद पडलं होतं. पगार त्याच्याही आधी थांबला होता आणि घराचे हप्ते थकत गेले होते. वर्ध्याबाहेरच्या लेआऊटमधलं साधं घर, वर गच्ची. लिलावात ते गेलं तर हाती काही उरेलसं धरू नका, असं बँकेतल्या माणसाने अगदी सभ्यपणे सांगितलं होतं.

आंजी गावात काका कसतात त्या वावरात आमचा वाटा होता. तो विकावा, असं मी म्हटलं.

"त्या वावरावर त्याचं घर चालते. दुसरं काही बोल," बाबा म्हणाले.

आई दागिने मोडायला निघाली, पण ते असे होतेच किती. माझ्या नागपूरच्या पगारात माझी खोली आणि डबा कसाबसा भागायचा. शेवटी ठरलं, लिलावाच्या आत आपणच घर विकायचं, बँकेचं फेडायचं आणि उरेल त्यात भाड्याने राहायचं. बाबांनी दलाल गाठला.

रविवारी गिऱ्हाइकं येऊ लागली. घर दाखवायचं काम आईकडे होतं आणि तिला घर दाखवणं म्हणजे पाहुणचार एवढंच ठाऊक. आधी पाणी, मग चहा, मग "आता दोन घास खाऊनच जा". पुलगावचं एक कुटुंब पाटवडीचा रस्सा भुरकून, पोराला आमच्याच पलंगावर झोपवून संध्याकाळच्या गाडीने परत गेलं. जाताना त्या बाईंनी मसाल्याचं प्रमाण विचारून घेतलं, घराचा भाव मात्र विचारला नाही. सगळेच तोंड भरून कौतुक करायचे आणि पुन्हा कोणाचा फोन यायचा नाही. मला हसू यायचं आणि संतापही. लिलावाची तारीख जवळ येत होती.

शेवटी दलालानेच तोंड उघडलं. "वहिनी, तुमी लोकायले जेवू घालून राह्यल्या, तेच चुकून राह्यलं. जेवलेला माणूस भाव पाडाले लाजते. मंग तो येतच नाई. आता नुसतं पाणी देजा."

आईला ते फार लागलं. पण पुढच्या रविवारी तिने ऐकलं. एक शिक्षक जोडपं आलं. तिने पाणी दिलं आणि हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसून राहिली. इतकं अवघडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती माणसं निवांत बोलू लागली. गच्चीला ओल आहे, बोअरचं पाणी खारं आहे, रस्ता कच्चा आहे. गृहस्थांनी नखाने भिंतीचा रंगही खरवडून पाहिला. बाबा थोडे उतरले, ते थोडे चढले. बँकेचं फिटून भाड्याच्या घराचं डिपॉझिट निघेल, इतक्यावर सौदा ठरला. दलालाचं बरोबर होतं, आणि मला त्याचाच राग आला.

त्या बाईंनी पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला. "ताटली घेते हं," म्हणत त्या उठल्या आणि सरळ आईच्या स्वयंपाकघरात गेल्या. आत भांडी वाजू लागली. मी उठले, तर आईने माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते, आवाज मात्र साधाच होता.

"त्यायले सांग, ताटल्या वरच्या फळीवर हायेत."

मी दारात जाऊन तसं सांगितलं.