घरट्यापर्यंतची निळी रेघ

‘बेटा, आधी बॅटरी किती खाते ते पाय, मंग बाकीचं.’ कोणतंही ॲप दाखवलं की काका चष्मा कपाळावर ढकलून हेच म्हणायचे. गोंदियात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तुम्हीही असं दुकान पाहिलं असेल, जिथे बिघडलेल्या फोनपेक्षा गप्पा मारणारेच जास्त असतात. मी मात्र तिथल्या स्टुलावर गप्प बसायची.

काकांना सारस पक्ष्यांचं वेड. पावसाळ्यात धानाच्या बांधीत, पाण्याने भरलेल्या शेतात, सारसाची जोडी घरटं करते. ते लांबून बघायला काका रविवारी स्कूटरवर जायचे. पुढे मलाही नेऊ लागले. मी इंग्रजी शाळेतली, ‘एकोणसत्तर’ म्हणताना अडखळायची. सगळे हसायचे, काका नाही. आकडा स्वतः म्हणायचे आणि पुढचं बोलायला लागायचे.

कुठल्या बांधीत घरटं होतं हे पुढच्या वर्षी सापडावं, म्हणून आम्हाला फेऱ्या नोंदवणारं ॲप हवं होतं. पहिल्याने आमगाव यायच्या आत फोनची बॅटरी संपवली. ‘लय खादाड आहे लेकाचं,’ काका म्हणाले. दुसरं, नेटवर्क गेलं की आम्हाला शेतातून उचलून थेट तलावात उभं करायचं. ‘बेटा, आपण बुडून राहिलो!’ काका ओरडले, आणि मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर मोठ्याने हसले. तिसरं नेटशिवाय चालायचं, रस्त्याची निळी रेघ नीट काढायचं, थांबलो तिथे ठिपका टाकायचं.

‘हे कोणाला दिसतं?’ मी विचारलं.

‘तुले अन् मले. आणखी कोणाले दाखवाचं आहे?’

मी सहजासहजी कुणाला नंबरही देत नाही. पण दोघांचं मिळून खातं काकांच्या फोनवरून उघडलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या पावसाळ्यात एका मावशींच्या बांधीत घरटं झालं. आत अंडी होती. पक्षी बिचकतील म्हणून मावशींनी तिथे निंदायला बायाच लावल्या नव्हत्या, तण तसंच वाढू दिलं होतं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, ‘पाय पोरी, कोनाले सांगू नोको. गर्दी झाली का हे निंगून जातेत.’

मी मान हलवली. काका म्हणाले, ‘आमी कायले सांगू, बाई?’

मग मला ताप आला. काही रविवार चुकले. बरी झाल्यावर एकटीच गेले, तर धुऱ्यावर गाड्या उभ्या, हातभर लांबीचे कॅमेरे, चिखलात बुटांच्या खुणा, धान आडवं झालेलं. सारस दूर तिसऱ्याच शेतात उभे होते.

जागा कशी सापडली, असं मी एकाला विचारलं. त्याने खुशीत फोन पुढे केला. त्यावर आमची निळी रेघ होती, आमच्या गल्लीतून निघालेली. वाटेत मी पाणी प्यायला थांबायची, तिथला ठिपकासुद्धा होता.

‘दुकानवाले अंकल ने लिंक भेजी,’ तो म्हणाला.

मावशी समोरून आल्या. ओरडल्या नाहीत. ‘तूनंच मान हालवली होती ना?’ एवढंच म्हणाल्या.

सारस परत अंड्यांवर बसले नाहीत. अंडी तशीच राहिली.

दुकानात गेले. ‘काका, रेघ तुम्ही दिलीत?’

‘अरे बेटा, भले लोकं आहेत, नागपूरवरून येतेत. मले सर म्हणतेत.’ शेवटचं वाक्य त्यांनी जरा हळू म्हटलं. गल्लीत त्यांना आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते म्हणाले, ‘येवढी काऊन रडून राहिली? फोटो तं पाय, कसा झकास आला!’

मी रडत नव्हते. फोटोही पाहिला नाही.

पण तो आता मोठा करून दुकानात लावलाय, आणि स्टेशनला जाताना ते दुकान टाळता येत नाही. घरट्यापुढे सारसाची जोडी, पंख पूर्ण उघडलेले. गिऱ्हाईक विचारतं, काका कौतुकाने सांगतात, ‘नाचून राहिले.’

घरट्यापुढे असे पंख उघडून उभा राहिलेला सारस नाचत नसतो. तो आलेल्याला हाकलत असतो. हे मला काकांनीच शिकवलं होतं.