सविताचा कापलेला शेवटचा सीन

आमच्या सविताला स्टेजवर मरू दिलं नव्हतं.

दहावीला आम्हाला एक जुनी शोकांतिका होती. मुलगी नवऱ्याचं घर सोडून माहेरी येते, बाप इज्जतीपायी दार उघडत नाही, ती उंबऱ्यातच जीव सोडते.
भवानीनगरला शाळेच्या गॅदरिंगमध्ये तेच नाटक बसवलं. हिरोईन सविता. दुसरं कोण असणार!

प्रॅक्टिस चालू असताना तिची आई आली आणि तडक सरांपुढं उभी राहिली.
"लग्नाची पोर हाय. मेलेली दाखवायची न्हाय. अपशकुन असतो."

सरांनी शेवटच बदलला. बापाला दया येते, दार उघडतो, टाळ्या.

सविता कसली चिडली होती! "अगं, मरायचाच तर सीन भारी हाय. त्यासाठीच तर रोल घेतला मी."

आज तिला जाऊन तीन वर्षं झाली.

त्या नाटकावर आता सिनेमा आलाय. काकूंना, म्हणजे तिच्या आईला, मी शेळगावहून बारामतीला घेऊन गेले. माझीच हौस.

शेवट आला. पोर दार वाजवतीय. काकू तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागल्या.
"काळीज हाय का दगड त्या बापाचं? दार उघडाय काय झालं हुतं?"

माझं डोकंच फिरलं.

कारण सविताही अशीच आली होती. बॅग घेऊन. काकूंनी चहा पाजला, समजूत घातली आणि परतीच्या एसटीत बसवून दिलं. धाकटीचं लग्न जमत आलं होतं ना!
"उद्या पाव्हणे यायचेत. तू हितं दिसलीस तर काय सांगू?"

आठ दिवसांत गेली. सासरचे म्हणाले, आजारी होती. कसला आजार, ते कुणी विचारलं नाही.

थिएटरबाहेर मी बोललेच. "काकू, तुम्ही तरी कुठं उघडलं दार?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "एसटीतनं तिचा फोन आला हुता मला. म्हणली, मैत्रिणीला लावतीय, ती उचलंना. म्हंजी तुला."

हो. स्क्रीनवर नाव दिसत होतं. ऑफिसात होते, हातात काम काही नव्हतं. परत तेच रडगाणं ऐकावं लागणार, म्हणून मोबाईल पालथा ठेवला.

आणि सवे, तीन वर्षं तुझ्या आईला शिव्या घालत फिरले मी.

भावपूर्ण श्रद्धांजली वगैरे माझ्याच्यानं लिहवत नाही. बाकीचे लिहितील, लिहू देत.

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नव्हता, सवे.
माफ नको करूस.